चालती लोकल बदलायची कशी?

९ एप्रिल २०१६ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास कुर्ल्याहून एक लोकल छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे निघाली. मुंबईतली ती शेवटची डीसी लोकल. त्याआधी ९१ वर्षं, ३ फेब्रुवारी १९२५ ला, याच हार्बर मार्गावर उलट्या दिशेने, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला, देशातली पहिली विजेवरची गाडी धावली होती. चार डब्यांची ती गाडी परदेशातून आलेली होती आणि तिला हिरवा झेंडा दाखवायला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन हजर होते. जिथे डीसी सुरू झाली तिथेच ती संपली. २०२५ मध्ये या पहिल्या गाडीची शताब्दी झाली, तेव्हा बातम्यांत जुने काळे-पांढरे फोटो पुष्कळ फिरले. पण त्या दोन तारखांच्या मध्ये जे घडलं, आणि त्यातही शेवटच्या वीस वर्षांत जे घडलं, ते मला जास्त आवडतं. रोज सत्तर-पंचाहत्तर लाख माणसं वापरत असताना एक अख्खी यंत्रणा बदलली गेली, आणि बहुतेकांना ती बदलल्याचं कळलंसुद्धा नाही.

जोयडा तालुक्यातल्या माणसाने मुंबईच्या लोकलवर लिहायचं म्हणजे जरा गंमतच. आमच्याकडे जंगल, काळी नदी, सुपा धरण आणि पावसाळ्यात न चालणारं इंटरनेट. लोकल वगैरे काही नाही. पण आपल्या मंडळातल्या कुठल्याही दोन घरांत चौकशी करा, एक तरी माणूस डोंबिवली, कल्याण किंवा विरारला निघतोच. माझी आत्या डोंबिवलीची. इंजिनियरिंग झाल्यावर पहिली नोकरी ऐरोलीला लागली आणि तिच्याच घरी राहून मी चार वर्षं डोंबिवली–ठाणे–ऐरोली असा प्रवास केला. आता रामनगरला बसून काम करतो. त्यामुळे 'चौथी सीट' म्हणजे काय, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने अर्धं बूड टेकवायचं, आणि तरी आपल्याला बसायला मिळालं असं घरी सांगायचं.

आणि दुसरं कारण असं, की गाड्यांचा सगळा ताफा एकदम निवृत्त होणं म्हणजे काय, हे आमच्या तालुक्याने मुंबईच्या आधी पाहिलेलं आहे.

कॅसलरॉक आमच्या तालुक्यात येतं. दूधसागर बघायला जाताना तुमच्यापैकी अनेकांनी ते स्टेशन खिडकीतून पाहिलं असेल. मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत येणारा लोहमार्ग १८८८ मध्ये सुरू झाला. तेव्हा घाटाखाली पोर्तुगीजांचं राज्य आणि वर इंग्रजांचं. कॅसलरॉक म्हणजे हद्दीवरचं स्टेशन, तिथे कस्टमची तपासणी व्हायची. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि ती तपासणी गेली. रूळ मात्र तेच राहिले, मीटर गेजचे. दोन रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका कडक, त्यामुळे वर चढणाऱ्या गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात, ती आजही लागतात.

नव्वदच्या दशकात हा मार्ग ब्रॉड गेज झाला. ब्रॉड गेज म्हणजे १.६७६ मीटर. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गेज बदललं की जुनी गाडी नव्या रुळांवर चालूच शकत नाही. इंजिन, डबे, सगळंच्या सगळं एका दिवसात निरुपयोगी. आणि त्याच घाटात, त्याच बोगद्यांतून रुंद रूळ टाकायचे, तर आधी जुने उखडावे लागतात. म्हणजे तोपर्यंत गाडी बंद. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला डाउनटाइम म्हणतात. रात्री दोन ते चार बँकेचं ॲप बंद राहील, असा मेसेज येतो ना, तसलं. फक्त इथे दोन तास नव्हते.

आजी सांगायची, गाडी बंद होती तेव्हा लोंढ्याला जायचं तर रस्त्यावर येऊन ट्रकवाल्याला हात दाखवायचा. कोकम, कंद, केळी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायका मालाबरोबर मागे बसायच्या. "नवी गाडी येणार, नवी गाडी येणार म्हणत होते सगळे," ती म्हणायची, "पण बाजार काय गाडी येईपर्यंत थांबतो होय रे?"

जोयड्याची लोकसंख्या थोडी, आवाज लहान. आमच्याकडे डाउनटाइम चालून गेला. मुंबईत चालला नसता. एक दिवस लोकल बंद पडली तर काय होतं ते २६ जुलै २००५ ला देशाने टीव्हीवर पाहिलं. मग मुंबईत हे काम केलं कसं?

आधी समजून घेऊ की बदलायचं काय होतं. मुंबईच्या लोकल १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालत. १९२५ साली ते जगातलं उत्तम तंत्रज्ञान होतं, कारण डीसी मोटर सुरुवातीला जोरात ओढते आणि तिला आवरणंही सोपं. अडचण व्होल्टेजची. शाळेतलं गणित आठवा: शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. समजा एका गाडीला जोर लावताना ३० लाख वॉट लागतात. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० ॲम्पियर करंट खेचावा लागेल. तीच गाडी २५,००० व्होल्टवर चालवली तर १२० ॲम्पियरमध्ये भागतं. करंट जास्त म्हणजे तारा जाड, तारांत वाया जाणारी वीज जास्त, आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन. गाड्या नऊ डब्यांच्या बारा डब्यांच्या झाल्या, दोन गाड्यांमधलं अंतर कमी झालं, आणि डीसीचा जीव पुरेना. बाकी देशभर रेल्वेने पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून २५,००० व्होल्ट एसीचा मार्ग धरला होता. मुंबई एका बेटासारखी जुन्या पद्धतीत राहिली होती.

त्यात गाड्याही जुन्या. पेरांबूरची आयसीएफ आणि कोलकात्याची जेसॉप यांनी बांधलेले ते पिवळे-तपकिरी डबे माझ्या पिढीने पाहिलेत. मोटरमनने हँडल फिरवलं की मोटर डब्याखालून खट्-खट्-खट् असा आवाज यायचा. ते काय होतं, हे मला फार नंतर समजलं. सुरुवातीला पूर्ण वीज मोटरला दिली तर ती जळेल, म्हणून मध्ये मोठे रोधक ठेवलेले असत आणि वेग वाढेल तसे ते एकेक करून बाजूला होत. प्रत्येक खट् म्हणजे एक टप्पा. म्हणजे प्रत्येक स्टेशनवरून निघताना विजेचा एक भाग चक्क उष्णता म्हणून उडवून दिला जाई. थांबताना तर सगळीच गती ब्रेकच्या घर्षणात जायची. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीत हे दिवसातून किती वेळा होत असेल, तुम्हीच हिशेब करा.

तर प्रश्न असा: वरची तार डीसी, खालची गाडी डीसी. तार बदलली तर गाडी मरते, गाडी बदलली तर ती जुन्या तारेवर चालत नाही. आधी काय बदलायचं?

उत्तर निघालं ते दोन्हीवर चालणाऱ्या गाडीचं. १५०० व्होल्ट डीसीवरही चालेल आणि २५,००० व्होल्ट एसीवरही. माझ्या कामातही हेच करतात. जुना डेटाबेस एका रात्रीत बंद करत नाहीत. आधी प्रोग्रॅम असा करतात की त्याला दोन्ही डेटाबेस कळतील, मग मागचा डेटा तुकड्यातुकड्याने हलवतात, आणि शेवटी जुन्याचं कनेक्शन काढून टाकतात. तरुण इंजिनियरांना हे शिकवताना मी मुंबई लोकलचंच उदाहरण देतो.

जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात, ज्याला सगळे एमयूटीपी म्हणतात, अशा नव्या गाड्या आल्या. आतली विद्युत यंत्रणा सीमेन्सची, डबे आयसीएफचे, रंग पांढरा-जांभळा. नोव्हेंबर २००७ मध्ये पश्चिम रेल्वेवर पहिली धावली. लोक तिला 'सीमेन्सची गाडी' म्हणत. खट्-खट् गेलं, त्याजागी चढत्या सुराची एक शीळ आली. छतातून जोराने हवा आत सोडणारी यंत्रणा आली, गर्दीत श्वास घेता येऊ लागला. आणि सर्वांत मोठी गोष्ट प्रवाशाला न दिसणारी: ब्रेक लावला की मोटर जनरेटर होते आणि वीज परत तारेत जाते. रेल्वेच्या आकड्यांनुसार ही बचत तीस टक्क्यांच्या आसपास आहे. मार्च २०१५ पासून त्यांच्या जोडीला बंबार्डियरची यंत्रणा असलेल्या गाड्या आल्या.

दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या पुरेशा झाल्या तशी वरची तार तुकड्यातुकड्याने बदलत गेली. शहराच्या बाहेरच्या टोकाकडून आत. पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलं. मध्य रेल्वेवर लांबच्या भागांपासून सुरुवात करत कल्याण–ठाणे २०१४ मध्ये, ठाणे ते सीएसटी जून २०१५ मध्ये, आणि सर्वांत शेवटी हार्बर. जिथे हद्द होती तिथे गाडी क्षणभर बिनविजेची धावायची, दिवे-पंखे बंद व्हायचे. अंधारात कोणी तरी हमखास "लाइट गेली रे" म्हणायचं आणि दुसरा कोणी तरी त्यावर विनोद करायचा. ती हद्द दरवेळी थोडी आत सरकत होती.

हे सगळं काम रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये आणि रात्रीच्या तीन-चार तासांत झालं. मेगाब्लॉकला आपण इतकी नावं ठेवतो, लग्नाच्या मुहूर्तापेक्षा मेगाब्लॉक आधी बघतो, पण तोच खरा डाउनटाइम होता, आठवड्याला थोडा थोडा वाटून दिलेला. २५,००० व्होल्टच्या तारेला मोकळी जागा जास्त लागते, म्हणून काही पुलांखाली रूळ खाली घ्यावे लागले. सँडहर्स्ट रोडजवळचा ब्रिटिशकालीन हँकॉक पूल तर जानेवारी २०१६ मध्ये पाडावाच लागला. एका मोठ्या रविवारी तो कापून क्रेनने उचलला.

एक घरगुती गोंधळही नोंदवून ठेवतो. २०१५ साली पेपरात आलं, 'मध्य रेल्वे ठाण्यापर्यंत एसी झाली'. आत्या खूश. दुसऱ्या दिवशी घामाघूम होऊन परत आली आणि म्हणाली, "कुठाय रे तुझा एसी?" तिला वाटलं थंडगार डबे. तो एसी म्हणजे प्रत्यावर्ती वीज, हे सांगितल्यावर तिने जे तोंड केलं ते मी विसरणार नाही. पण ती एकटी नव्हती.

थंड एसीची गोष्ट वेगळी आणि तीच आता खरी वादाची आहे. पहिली वातानुकूलित लोकल २०१६ मध्ये मुंबईत पोचली ती मध्य रेल्वेसाठी. कुर्ला कारशेडमध्ये उभी केली, आणि लक्षात आलं की तिची उंची मध्य रेल्वेच्या काही जुन्या पुलांखालून जाण्याइतकी कमी नाही. मग ती पश्चिम रेल्वेला दिली. २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवली–चर्चगेट अशी ती पहिल्यांदा प्रवासी घेऊन धावली. मध्य रेल्वेला पहिली एसी लोकल मिळाली ती ३० जानेवारी २०२० ला, ठाणे–पनवेल या ट्रान्सहार्बर मार्गावर, म्हणजे माझ्या ऐरोलीच्या मार्गावर, मी तिथली नोकरी सोडल्यानंतर. तिला झेंडा दाखवणारे राज्यमंत्री सुरेश अंगडी आमच्या शेजारच्या बेळगावचे खासदार, म्हणून इकडे त्या बातमीला जरा जास्त जागा मिळाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते कोरोनाने गेले.

या गाडीचं खरं वैशिष्ट्य गारवा नाही. दारं आहे. चालू गाडीत ती बंद असतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यातली मोठी संख्या रूळ ओलांडणाऱ्यांची, पण गाडीतून पडून जाणारेही शेकड्यांनी. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्र्याच्या दरम्यान, वळणावर, समोरासमोर जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. किमान चार जणांचा जीव गेला. डोंबिवलीहून येणारी गाडी त्याच वळणावरून जाते. माझा आतेभाऊ गेली पंधरा वर्षं त्या वळणावर दारात उभा असतो. त्या सकाळी त्याचा फोन लागेपर्यंत आमच्याकडे रामनगरला चुलीवरचा चहा तसाच उकळत राहिला होता. तो मागच्या गाडीत होता.

मग सगळ्या जुन्या गाड्या काढा आणि एसी आणा, इतकं सोपं आहे का? नाही. साध्या लोकलचं कमीत कमी तिकीट ५ रुपये. एसीचं सुरुवातीला ६५ होतं, मे २०२२ मध्ये ते ३० वर आणलं. म्हणजे तरी सहापट. आणि एसी गाडी वाढवायची तर वेळापत्रकात जागा नवी निघत नाही, गर्दीच्या वेळी मार्ग आधीच भरलेला. साधी एक गाडी काढून तिच्या वेळेला एसी गाडी सोडावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये हेच झालं आणि कळव्याचे प्रवासी कारशेडमधून निघणाऱ्या एसी लोकलसमोर उभे राहिले. बदलापूरलाही लोक चिडले. महिना संपायच्या आत मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. बाहेरच्यांना ते हट्टी वाटले असतील. पण नेहमीची ८ वाजून काही मिनिटांची गाडी अचानक सहापट भाड्याची झाली, तर पासधारकाने करायचं काय? त्यानंतरची साधी गाडी दुप्पट भरून येणार, आणि दारात लटकणारे आणखी वाढणार. म्हणजे सुरक्षित गाडी आणल्यामुळे तिच्या मागची गाडी जास्त धोक्याची.

मला स्वतःला वाटतं की दार आणि गारवा या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या तिथेच घोटाळा झाला. बंद दार ही सुरक्षेची गोष्ट, ती पाच रुपयांच्या तिकिटातही हवी. गारवा ही सोयीची गोष्ट, तिला जास्त पैसे लावा हवे तर. यात तांत्रिक अडचण नक्की होती: दारं बंद केली आणि एसी नसला तर दाबून भरलेल्या डब्यात माणसं गुदमरतील. मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने जे जाहीर केलं त्यात याचं उत्तर आहे. साध्या लोकलचीही दारं आपोआप बंद होणारी, पण दारांना हवा जाईल अशा झडपा, छतावर हवा खेचणारी यंत्रणा, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडणी, म्हणजे गर्दी सगळीकडे सारखी पसरेल. कागदावर हे मला पटतं. प्रत्यक्षात दारं मिटायला लागणारे सेकंद महत्त्वाचे ठरतील. दादरला किंवा ठाण्याला दार बंद होऊ न देणारा एक पाय मध्ये आला की मागच्या दहा गाड्या थांबतात. आपल्याकडे तो पाय येणार, हे गृहीत धरून रचना करावी लागेल. चांगला प्रोग्रॅमर वापरणाऱ्याला दोष देत नाही, तो काय काय करील याची आधीच तरतूद ठेवतो.

जुन्या गाड्यांचं पुढे काय होतं, असं मला माझ्या भाचीने विचारलं होतं. उत्तर फारसं गोड नाही. आपल्याकडे बहुतेक डबे भंगारात जातात, धातू वितळवला जातो. आयसीएफचे लांब पल्ल्याचे डबे थोडे नशीबवान. त्यांच्या खिडक्या-दारं बंद करून त्यातून मोटारगाड्या वाहून नेतात. एका डब्याचं सीएसएमटीबाहेर २०२१ मध्ये हॉटेल झालं. तुमच्यापैकी काहींनी तिथे जेवलेलंही असेल. न्यूयॉर्कने आपल्या भुयारी रेल्वेचे अडीच हजारांच्या आसपास डबे अटलांटिक समुद्रात सोडले, माशांना घर म्हणून. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या १९३८ च्या गाड्या वाइट बेटावर जाऊन २०२१ च्या जानेवारीपर्यंत धावत होत्या. आणि टोकियोच्या निवृत्त लोकल जाकार्तात हजारो माणसांना रोज कामावर नेत आल्या आहेत. जपानी लोकांची देखभाल पाहता त्या गाड्या अजून वीस वर्षं खपतील असं वाटतं. गाडी जुनी म्हणजे किती जुनी, हे वर्षांवर कमी आणि तिच्याकडे बघणाऱ्या हातांवर जास्त असतं. मुंबईत कुर्ला, कळवा, सानपाडा, कांदिवली, विरारच्या कारशेडमध्ये रात्रभर जे हात काम करतात त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत.

डेक्कन क्वीनचं उदाहरण यात वेगळं आहे. पुण्याहून रोज मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांची ती गाडी, १ जून १९३० ला सुरू झालेली. तिचे डबे १९६६ मध्ये बदलले, पुढे नव्वदच्या दशकात बदलले, आणि २२ जून २०२२ पासून ती एलएचबी डब्यांची झाली. पण जेवणाचा डबा प्रत्येक वेळी राखला गेला, कारण पासधारकांनी तो राखायला लावला. टेबलावर बसून ऑम्लेट खात घाट बघायचा हा हक्क त्यांनी तीन पिढ्या सोडला नाही. नवी गाडी येताना जुन्यातलं काय ठेवायचं, हे कोणी तरी ओरडून सांगावं लागतं. जे ओरडू शकतात त्यांचं राहतं.

आमच्या आजीच्या बाजारच्या बायका ओरडू शकल्या नाहीत. कोविडनंतर देशभर साध्या पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' किंवा 'एक्स्प्रेस' म्हणून धावू लागल्या आणि कमीत कमी भाडं १० वरून ३० रुपये झालं. डबे तेच, वेग जवळजवळ तोच. २०२४ च्या सुरुवातीला ते परत १० वर आलं. मधली तीन-चार वर्षं लहान स्टेशनांवरची माणसं एकतर तिप्पट पैसे देत होती किंवा टेम्पोने जात होती. मुंबईत एसीच्या किमान तिकिटाचा आकडाही ३०च होता, हा योगायोग. पण दोन्हीकडे प्रश्न एकच: नवं नाव, नवा रंग, नवं भाडं आलं की जुन्या भाड्यात बसणाऱ्यांसाठी काय उरतं?

आता पुढचा टप्पा जवळ आला आहे. लोकलच्या डब्याचं ठरवलेलं आयुष्य २५ वर्षांचं. २००७ मध्ये 'नव्या' म्हणून आलेल्या सीमेन्सच्या गाड्या २०३२ पासून निवृत्त व्हायला लागतील. ज्या गाडीतून मी पहिल्या पगाराची मिठाई घेऊन डोंबिवलीला उतरलो, ती जुनी झाली, हे मान्य करायला जड जातं, पण हिशेब हिशेब आहे. त्यांच्या जागी आणि जादा म्हणून २३८ वातानुकूलित गाड्या घेण्याचा आराखडा आहे. त्या सगळ्या आल्या तर एसी ही चैनीची गोष्ट राहणार नाही, तीच साधी लोकल असेल. मग तिचं भाडं साधं असेल का, यावरच सगळं अवलंबून आहे. भाडं साधं ठेवायचं तर तूट कोणी तरी भरायची. जगात बहुतेक मोठ्या शहरांत ती सरकारच भरतं.

आतेभावाची मुलगी यंदा बारावी झाली. ठाण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. आत्याचं म्हणणं, तिला एसीचा पास काढून द्या, पैसे मी देते. आतेभाऊ म्हणतो, तिच्या कॉलेजच्या वेळेला एसी गाडी नाही, पास घेऊन करणार काय? दोघांचंही बरोबर आहे. मी इथून ॲपवर वेळापत्रक काढून पाहिलं: एक एसी तिच्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधी आहे, दुसरी लेक्चर सुरू झाल्यावर पोचते. मुलीने स्वतःच निकाल लावला. ती म्हणाली, "दादा, मी बायकांच्या डब्यात मधे उभी राहीन, दारात नाही. बाबांना आधी आत यायला सांगा."